विचारा की! : डिटेक्टर आला, पण चालवणार कोण?

मागच्या अंकात कॉस्मिक किरणांवर लिहिलं होतं, म्हणजे वरून चोवीस तास आपल्या अंगावर पडत असलेले म्यूऑन नावाचे सूक्ष्म कण आणि ते पकडायची यंत्रं वगैरे. त्यावर भरपूर पत्रं, मेसेज आले. गंमत म्हणजे निम्म्या लोकांना फिजिक्सपेक्षा पैशांमध्ये जास्त इंटरेस्ट. यंत्र केवढ्याला पडतं, पैसे कोण देतं, का देतं, आणि एवढे पैसे घेऊन ही मंडळी लोकांना चार शब्दांत समजावून का सांगत नाहीत. बरोबरच आहे की, खिसा आपलाच आहे. तर यावेळचा अख्खा कॉलम पैसा आणि पब्लिक यावरच. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय त्यामुळे सगळ्यांचीच नुसती गावं देतोय.

सर, आमच्या फिजिक्स डिपार्टमेंटला कॉस्मिक रे डिटेक्टरचा सेटअप उभा करायचाय, एमएस्सीच्या मुलांसाठी आणि जमलं तर थोडा रिसर्चही. ४० लाखांचं प्रपोजल करतोय. कुठे टाकावं आणि त्यात काय काय मागावं?
– प्राध्यापक, कराड

आधी मला सांगा हा ४० लाख आकडा आला कुठून? माझा अंदाज, एका सप्लायरनी कोटेशन पाठवलं आणि तुम्ही त्या कोटेशनच्या मापाचं प्रपोजल लिहायला घेतलंत. रागावू नका, सगळीकडे असंच चालतं.

कुठे टाकायचं ते सोपं आहे. डिपार्टमेंटच्या सोयीसुविधांसाठी डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची, फिस्ट नावाची स्कीम २००० पासून आहे, त्यातून बऱ्याच विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या लॅब उभ्या राहिल्यात. एकट्यादुकट्याच्या रिसर्च प्रोजेक्टसाठी आधी सर्ब नावाचं केंद्राचं मंडळ होतं, ते आता २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये गेलं. दोन्हीकडे कॉल निघतो तेव्हाच अर्ज घेतात म्हणून वेबसाइटवर नजर ठेवायची. शिवाय तुमच्या विद्यापीठाचा सीड मनी असतो, छोटा असतो पण पटकन मिळतो, तो अजिबात सोडू नका.

अवघड आहे ते काय मागायचं हे. एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये मी पाहिलेलं सांगतो, नाव नको. कोपऱ्यात एक रॅक, त्यात निम बिन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल खोचायचा स्टीलचा खोका, त्यावर निळं प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर धूळ आणि बाजूला उद्घाटनाच्या हाराचा नुसता दोरा लटकतोय. हाय व्होल्टेजचं मॉड्यूल गेलेलं. कंपनी म्हणते परदेशात पाठवा रिपेअरला, पाठवायचं तर कस्टम्सचे कागद करा, कागद करायला माणूस नाही, आणि माणूस मिळाला तरी प्रोजेक्ट संपलेला म्हणजे खर्च टाकायला हेडच उरलं नाही. एका मॉड्यूलपायी लाखोंचा सेटअप कित्येक वर्षं तसाच पडून. आणि कागदोपत्री सगळं चोख बरं का, युटिलायझेशन सर्टिफिकेट गेलं, ऑडिट झालं, स्टॉक रजिस्टरला नोंद आहे, कुणाचं काही चुकलं असं कुठेच दिसणार नाही!

असं का होतं, तर ग्रँटमध्ये दोन कप्पे असतात. एक कॅपिटल, म्हणजे यंत्र. दुसरा रिकरिंग, म्हणजे माणसं, कन्झ्युमेबल्स, प्रवास, किरकोळ. यंत्राचे पैसे कमिटीला पटतात कारण यंत्र डोळ्यांना दिसतं, फोटो निघतो. रिकरिंगला मात्र कात्री लागते. आणि प्रोजेक्ट तीन वर्षांचा, त्यात पहिलं वर्ष खरेदीतच जातं, वॉरंटी संपेपर्यंत प्रोजेक्टही संपतो, मग एएमसी, म्हणजे दरवर्षीच्या देखभालीचे पैसे, कोण भरणार? तेव्हा माझा सल्ला असा की टेंडरच्या स्पेसिफिकेशनमध्येच पाच वर्षांची वॉरंटी मागा, किंमत वाढेल पण ती कॅपिटलमध्येच जाईल. स्पेअर फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अगदी मंद प्रकाश टिपणारी ट्यूब, आणि स्पेअर हाय व्होल्टेज सप्लाय पहिल्या दिवशीच यादीत टाका. यूपीएस, चांगलं अर्थिंग आणि एसी हे यंत्राचेच भाग समजा, कारण आपल्याकडे लाइट जाते आणि येताना दणका देऊन येते. जीएसटी विसरू नका, सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थांना आधी यंत्रांवर ५ टक्के लागायचा तो २०२२ मध्ये सवलत काढल्यावर १८ टक्क्यांवर गेला आणि तेव्हा मंजूर झालेल्या बजेटांची चांगलीच ओढाताण झाली, त्यामुळे प्रपोजल टाकताना त्या दिवशीचा दर बघूनच गणित करा. डॉलर-युरो वर जाणार हे धरून थोडी फटही ठेवा.

खरेदीची कटकट तर विचारूच नका. केंद्राच्या संस्थांना जून २०२५ मध्ये जरा मोकळीक मिळाली, कोटेशन न मागवता थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली, आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलच्या बाहेरून वैज्ञानिक यंत्रं घ्यायची परवानगी संस्थाप्रमुखांना दिली. पण तुमचं कॉलेज राज्याच्या नियमात असेल तर तुमच्या अकाउंट्सवाल्यांनाच विचारा, आणि प्रपोजल लिहायच्या आधी विचारा.

आता मुख्य मुद्दा. ४० लाख मागायच्या आधी छोटं काहीतरी चालवून दाखवा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी कॉस्मिक वॉच नावाचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, ५ सेंटिमीटरचा चौकोनी सिंटिलेटर, म्हणजे कण गेला की चमकणारा प्लास्टिकचा तुकडा, त्याला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड, भाग सगळे मिळून साधारण १०० डॉलर. जुन्या फोटोमल्टिप्लायर ट्यूबला हजार-दीड हजार व्होल्ट लागतात, याला ३० च्या आसपास पुरतात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हातात द्यायलाही भीती नाही. असे दोन बनवा, एकावर एक ठेवा, दोन्हीत एकदम सिग्नल आला तरच मोजा, याला कोइन्सिडन्स म्हणतात, म्हणजे बाकीचा कचरा गळून जातो. शेजारी हवेचा दाब मोजायचा साधा सेन्सर लावा आणि वर्षभर चालू ठेवा. दाब वाढला की म्यूऑन कमी होतात, हा आलेख तुमच्याच गच्चीवरचा, तुमच्याच मुलांनी काढलेला, प्रपोजलच्या पहिल्या पानावर टाका. रेफरीला कळतं की या माणसाकडे यंत्र गेलं तर कव्हरखाली जाणार नाही. मग मागा हवे तेवढे.

सर्नमध्ये, म्हणजे त्या जिनिव्हाजवळच्या पार्टिकल फिजिक्सच्या प्रयोगशाळेत, भारत एवढे पैसे का घालतो? इथे शाळेला छप्पर नाही आणि आपण स्वित्झर्लंडच्या बोगद्यात प्रोटॉन आपटतोय. टॅक्स भरणारा म्हणून विचारतोय, वाईट वाटून घेऊ नका.
– निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली

वाईट कशाला वाटायचं, काका. वर्ल्ड वाइड वेब सर्नमध्ये जन्मलं हे उत्तर मी देणार नाही, ते सगळेच देतात आणि त्यात भारताचा काही संबंध नाही.

हिशेब असा. एलएचसी, म्हणजे बोगद्यातलं ते प्रोटॉन आपटायचं यंत्र, बांधताना भारताने बरंचसं काम वस्तूंच्या रूपात दिलं. तिथे १२३२ मोठे डायपोल चुंबक आहेत, प्रत्येक १५ मीटर लांब आणि तीसेक टनांहून जड, आणि ते बोगद्यात केसाच्या जाडीच्या हिशोबात सरळ लावावे लागतात. ते उचलून धरायचे आणि अचूक हलवायचे ७००० हून जास्त जॅक भारतातून गेले, डिझाइन भाभा अणुसंशोधन केंद्राच्या (बीएआरसी) लोकांचं, बनले बंगळुरू आणि इंदूरच्या वर्कशॉपमध्ये. एलएचसीवरच्या सीएमएस डिटेक्टरचे काही सिलिकॉन सेन्सर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनले, कणांची ऊर्जा मोजणाऱ्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचं काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं (टीआयएफआर) केलं, नंतरचे काही आरपीसी, म्हणजे म्यूऑन टिपणारे गॅसचे, चेंबर बीएआरसी आणि चंदीगडच्या पंजाब युनिव्हर्सिटीत जोडले गेले. म्हणजे पैशाचा बराच भाग इथल्याच वर्कशॉपमध्ये आणि इथल्याच पगारांत खर्च झाला.

१६ जानेवारी २०१७ पासून आपण सर्नचे असोसिएट मेंबर आहोत, त्याची दरवर्षी वर्गणी जाते. बदल्यात भारतीय कंपन्यांना सर्नच्या टेंडरमध्ये उतरता येतं आणि आपल्या पोरांना तिथल्या नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो. माझी तक्रार वर्गणीबद्दल नाहीये, तक्रार ही आहे की वर्गणी भरून आपण त्याचा पुरेसा फायदा उठवत नाही. पुणे-नाशिक-कोल्हापूर पट्ट्यात इतकी अचूक मशीनिंग करणारी वर्कशॉप आहेत, पण सर्नची टेंडरं कुठे बघायची हे त्यातल्या किती जणांना कुणी सांगितलं असेल? आउटरीच म्हटलं की शाळेतल्या मुलांना गॉड पार्टिकल समजावायला जातात, एमआयडीसीत कुणी जात नाही.

शाळेच्या छपराचं म्हणाल तर तो पैसा या पैशातून जात नाही, दोन्ही मागायला हवेत. हे उत्तर तुम्हाला पळवाट वाटेल याची कल्पना आहे, पण सर्न सोडलं म्हणून कुठल्या शाळेवर पत्रे चढले असते असं मला तरी वाटत नाही.

मी झेडपी शाळेत शिक्षिका आहे. आमच्या भागात औंढ्याजवळ लायगो येतंय. पालक विचारतात की मॅडम यातून किरणं निघतात का, बोअरचं पाणी जाईल का, जमीन हादरेल का. मी काय सांगू? शास्त्रज्ञ येऊन स्लाइड दाखवून गेले पण त्यात हे नव्हतंच.
– हिंगोली जिल्हा

मॅडम, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी प्रत्येक विद्यापीठाच्या आउटरीच कमिटीला फ्रेम करून द्यायला तयार आहे.

आधी सरळ उत्तरं. लायगो-इंडिया हा पार्टिकल फिजिक्सचा प्रयोग नाही, तिथे गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरं वगैरे एकमेकांवर आपटली की अवकाशात उठणारे तरंग, मोजणार. दोन नळ्या, काटकोनात, प्रत्येक ४ किलोमीटर लांब, आतून हवा काढलेली, त्यात लेझरचा प्रकाश जातो आणि आरशावरून परत येतो. किरणोत्सर्गी काही नाही, स्फोट नाहीत. हादऱ्याचं तर उलटं आहे, यंत्रच इतकं नाजूक की जमीन शांत हवी म्हणून ही जागा निवडली, त्यांना जास्त काळजी तुमच्या ट्रकची आणि रेल्वेची. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी आली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने साधारण २६०० कोटी मंजूर केले. पाण्याचं मात्र मी इथे बसून सांगणार नाही, प्रकल्पाला पाणी कुठून येणार हे प्रकल्पाच्याच माणसांनी गावात येऊन कागद दाखवून सांगितलं पाहिजे, तुम्ही ग्रामसभेच्या ठरावाने लेखी विचारा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची माणसं लायगोच्या आउटरीचचं काम करतात, शाळेच्या लेटरहेडवर त्यांना प्रश्न पाठवले तरी चालेल.

हे इतकं खरडून का सांगतोय, तर तामिळनाडूत काय झालं ते बघा. थेनी जिल्ह्यात पोट्टिपुरम गावाजवळ इंडिया-बेस्ड न्यूट्रिनो ऑब्झर्व्हेटरी होणार होती. न्यूट्रिनो म्हणजे जवळपास कशालाच न अडता आरपार जाणारे सूक्ष्म कण. डोंगराच्या पोटात साधारण दोन किलोमीटरचा बोगदा, आत ५०,००० टन लोखंडाचा चुंबकीय डिटेक्टर, त्याच्या थरांमध्ये जवळपास २९,००० आरपीसी चेंबर. या विषयात आपण एकेकाळी पुढे होतो, १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणातले न्यूट्रिनो पकडणाऱ्या जगातल्या पहिल्या दोन गटांत आपला गट होता. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने दीड हजार कोटींची मंजुरीही दिली. आणि तिथून सगळं अडकलं. आत किरणोत्सर्गी कचरा पुरणार, धरणं फुटणार अशा अफवा. शास्त्रज्ञ जीव तोडून सांगतायत की न्यूट्रिनो निरुपद्रवी असतात, आत्ताही तुमच्या अंगातून अब्जावधी जातायत. शंभर टक्के खरं. पण गावाचे प्रश्न न्यूट्रिनोचे नव्हतेच! ते होते सुरुंगाचे, धुळीचे, पाण्याचे, गुरं चारायच्या डोंगराचे, आणि मग पश्चिम घाटातल्या वाघांच्या कॉरिडॉरचे. २०१७ मध्ये हरित लवादाने पर्यावरण मंजुरी थांबवली, २०१८ मध्ये केंद्राने स्पेशल केस म्हणून परत दिली, २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने सुप्रीम कोर्टात सांगितलं की आम्हाला हे नको. अफवा पसरवणाऱ्यांनी आगीत तेल ओतलं हे मान्य, पण अफवेला जागा मिळाली कारण आधी तिथे कुणी जाऊन बसलं नव्हतं. मंजुरीनंतरचं आउटरीच म्हणजे वरातीमागून घोडं. प्रयोगाचं ८५ टनांचं छोटं मॉडेल मदुराईत चालतं, आणि चीनचा जूनो नावाचा न्यूट्रिनो डिटेक्टर २०२५ मध्ये डेटा घ्यायलाही लागला.

तर मॅडम, तुमच्या शाळेत पुढच्या वेळी कुणी स्लाइड घेऊन आलं की आधी पालकांचे प्रश्न वाचून दाखवा आणि मगच प्रोजेक्टर लावू द्या.

मी एका विद्यापीठात नवीन असिस्टंट प्रोफेसर आहे, हाय एनर्जी फिजिक्स. ग्रँटच्या फॉर्ममध्ये सायंटिफिक सोशल रिस्पॉन्सिबिलिटीचा रकाना असतो. खरं सांगायचं तर तिथे कॉपी-पेस्ट करते. शिकवणं, पेपर, पीएचडीची मुलं, त्यात हे कधी करायचं? आणि प्रमोशनला त्याचे मार्क किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे.
– पुणे

माहीत आहे, म्हणूनच तुम्हाला प्रवचन देणार नाही.

एसएसआरच्या गाइडलाइन्स डीएसटीने मे २०२२ मध्ये काढल्या, हेतू चांगलाच आहे, सरकारी पैशावर काम करता तर थोडं समाजाला परत द्या. पण आपल्याकडे त्याचं काय होतं, विज्ञान दिनाला २८ फेब्रुवारीला शेजारच्या शाळेतली दीडशे मुलं बसमधून आणायची, ऑडिटोरियममध्ये बसवायची, हिग्ज बोसॉन (तोच तो गॉड पार्टिकल) सांगायचा, समोसा द्यायचा, फोटो काढायचा, रिपोर्टला जोडायचा. नव्याचे नऊ दिवस सुद्धा नाहीत, एकच दिवस!

अमेरिकेत संशोधनाला पैसे देणाऱ्या एनएसएफ या सरकारी संस्थेने १९९७ पासूनच प्रपोजल तपासताना विज्ञान किती चांगलं याच्या जोडीला त्याचा बाहेर काय उपयोग हा दुसरा निकष लावला. तिथेही लोकांनी आधी कॉपी-पेस्टच केलं असणार, माणूस सगळीकडे सारखाच. पण त्याच सुमारास क्वार्कनेट सुरू झालं, फर्मिलॅब ही तिथली पार्टिकल फिजिक्सची प्रयोगशाळा आणि विद्यापीठांचे गट मिळून, पैसे एनएसएफ आणि ऊर्जा खात्याचे. त्यात मला पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी मुलांना न पकडता शिक्षकांना पकडलं. हायस्कूलचे शिक्षक सुट्टीत विद्यापीठाच्या लॅबमध्ये येऊन काम करतात, त्यांना त्याचे पैसे मिळतात, फुकट राबवून घेत नाहीत, आणि म्यूऑन डिटेक्टर त्यांच्या शाळेत जातो. मुलं दरवर्षी पास होऊन निघून जातात, शिक्षक तिथेच असतो.

तुमच्या रकान्यात असं लिहा: एक शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज, एक ठरलेला शिक्षक, त्याला उन्हाळ्यात आठवडाभर लॅबमध्ये बोलवायचं, मानधन इतकं, जायचा-यायचा खर्च इतका, त्याने स्वतः सोल्डर करून बनवलेला एक छोटा डिटेक्टर त्याच्याबरोबर जाणार, आणि वर्षभर त्याचा फोन उचलायची जबाबदारी तुमच्या अमुक पीएचडी विद्यार्थ्याची. संपलं. यात तुमचे स्वतःचे फार दिवस जात नाहीत. बजेटमध्ये ही ओळ वेगळी दाखवा, कन्टिन्जन्सीत लपवू नका, लपवलेले पैसे मार्चएंडला प्रिंटरच्या टोनरवर जातात हे तुम्हालाही ठाऊक आहे.

प्रमोशनच्या मार्कांबद्दल मात्र माझ्याकडे उपाय नाही. तुम्ही हेड झालात की बदला.

आणि गोष्ट सांगायचीच असेल तर हिग्जच्या आधी आपली सांगा. उटीला टीआयएफआरचा ग्रेप्स-३ प्रयोग आहे, तिथल्या म्यूऑन दुर्बिणीवर १ डिसेंबर २०१४ ला मोठं वादळ आलं, म्यूऑनची संख्या घटली, त्यावरून त्यांनी हिशेब मांडला की त्या ढगात १.३ अब्ज व्होल्टची तफावत होती. २०१९ ला पेपर आला. ढग, वीज, म्यूऑन, पाचवीतल्या मुलालाही डोळ्यांपुढे आणता येतं.

मी बीएस्सी थर्ड इयरला आहे. मला पार्टिकल फिजिक्समध्ये जायचंय पण आमच्या लॅबमध्ये किरणोत्सर्ग मोजायच्या जीएम काउंटरशिवाय काही नाही आणि तो पण बंद असतो. माझं नुकसान होतंय का?
– विद्यार्थिनी, नांदेड

होतंय, पण भरून काढता येईल. सर्नने २०१४ पासून खरा डेटा सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय, ओपन डेटा म्हणून शोध, सीएमएसचा तर ढिगाने आहे, पायथन शिक आणि झेड बोसॉन नावाच्या कणाचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, स्वतः काढ, लॅपटॉप साधा असला तरी चालतो. इंटरनॅशनल मास्टरक्लास २००५ पासून दरवर्षी होतात, एका दिवसात एलएचसीच्या खऱ्या घटना बघून वर्गवारी करायची, जवळची कुठली संस्था घेतेय ते विचार. उन्हाळ्यात टीआयएफआरचा व्हीएसआरपी आणि मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरचा निअस हे विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम असतात, कुठल्या वर्षाच्या मुलांना घेतात ते बघून अर्ज कर, पहिल्या वेळी नाही झालं तर परत कर.

आणि तो जीएम काउंटर का बंद आहे ते सरांच्या परवानगीने उघडून बघ. बऱ्याचदा केबल किंवा कनेक्टरच गेलेला असतो. मात्र त्यात चारशे-पाचशे व्होल्ट असतात, प्लग काढून, थोडा वेळ थांबून, आणि एकटीने नाही.

मुलगा सातवीत आहे. क्लाउड चेंबर घरी करता येतो म्हणे. खर्च किती, धोका किती?
– पालक, नाशिक

येतो, आणि एका फ्लेक्स बॅनरच्या पैशात होतो. पारदर्शक प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा, तळाला आतून फेल्ट कापड चिकटवायचं, त्याला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल पाजायचं, मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं चालत नाही. काळ्या रंगाच्या धातूच्या पत्र्यावर डबा उलटा ठेवायचा, कडेने सील करायचा, आणि हे सगळं ड्राय आइसवर. तो उणे ७८ अंशांचा असतो, आइसक्रीमवाले किंवा औषधांची कोल्ड चेनवाली मंडळी कुठून घेतात ते विचारा, तिथे किलोवर मिळेल. खोलीत अंधार, बाजूने टॉर्च आडवा. दहा-पंधरा मिनिटं काहीच दिसत नाही, मुलं कंटाळून उठायला लागतात, आणि मग तळाशी धुक्याच्या थरात सरसर रेघा उमटायला लागतात. लांब सरळ बारीक रेघ बहुतेक म्यूऑनची, जाड आखूड अल्फाची, वेडीवाकडी इलेक्ट्रॉनची.

धोका: ड्राय आइस उघड्या हाताने नाही, जाड हातमोजे. घट्ट झाकणाच्या डब्यात कधीच ठेवायचा नाही, गॅस साठून फुटतो. खिडक्या उघड्या, गाडीतून आणताना काचा खाली. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून जवळपास देवापुढचा दिवा सुद्धा नको.

मी सांगलीचा, गेली वीस-बावीस वर्षं इथे अमेरिकेतच आहे. ज्या कॉलेजात शिकलो तिथल्या फिजिक्स डिपार्टमेंटला दहा लाख द्यायचेत, आईच्या नावाने. एखादं चांगलं यंत्र सुचवा, त्यावर पाटी लावता येईल असं.
– एडिसन, न्यू जर्सी

दादा, पैसे जरूर द्या, यंत्र देऊ नका.

कराडच्या सरांना वर लिहिलंय ते वाचा, यंत्राला सरकार पैसे देतं. जे कुणीच देत नाही ते द्या. दहा लाख कॉलेजच्या नावे एफडीत ठेवायचे आणि व्याजातून दरवर्षी लॅबचं रिपेअर, गॅस, केबल, स्पेअर आणि एका शिक्षकाचं उन्हाळ्यातलं मानधन, एवढंच करायचं, तसं लेखी करारात घालायचं. पाटी हवी तर लॅबच्या दारावर लावा आईच्या नावाची, यंत्रावर लावली तर यंत्राबरोबर भंगारात जाईल. खाजगी पैशातून आपल्याकडे फिजिक्स उभं राहिलंच नाही असं थोडंच आहे, भाभांनी मार्च १९४४ मध्ये टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि पुढच्या वर्षी टीआयएफआर सुरू झालं, पण त्या पत्रात त्यांनी एखादं यंत्र मागितलं नव्हतं, संस्था मागितली होती.

एक कागदाची गोष्ट महत्त्वाची. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवणार असाल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन सिटिझन झाला असाल, ओसीआय कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगीच, मग कॉलेजच्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी पाहिजे आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या त्यांच्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. हे न बघता पाठवलंत तर संस्थाच अडचणीत येते.

आणि पुढच्या वेळी सांगलीला आलात की प्रिन्सिपलना भेटायच्या आधी लॅब असिस्टंटला भेटा. कुठल्या कपाटात काय बंद पडलंय आणि ते किती रुपयांत चालू होईल याचा हिशेब त्याच्याकडे तोंडपाठ असतो, तो लिहून घ्या आणि करारनाम्याला जोडा.